रायझोबियमचं पाकीट: कुठल्या रानात पैसे वसूल आणि कुठं नुसतेच हात काळे

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. रायझोबियम म्हणजे सोयाबीन-हरभऱ्यासारख्या पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र (नायट्रोजन) झाडाला देणारे जिवाणू, त्यांचं पाकीट पेरणीआधी बियाण्याला लावायचं असतं. सोयाबीन किंवा हरभरा त्या रानात पहिल्यांदाच घेत असाल तर हे पाकीट डोळे झाकून घ्या, दरवर्षी तेच पीक घेताय तिथं घेतलंत तर चांगलंच पण चमत्काराची वाट बघत बसू नका, आणि पाकिटावर पिकाचं नाव नि तारीख नसेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका. आता सविस्तर.

माझ्याकडं दोन प्रकार वापरून झालेत. एक कृषी विद्यापीठातून आणलेलं पावडरचं पाकीट, २५० ग्रॅमचं, आणि दुसरी तालुक्याच्या एका कृषी सेवा केंद्रातून घेतलेली लिक्विडची बाटली. कंपनीचं नि दुकानाचं नाव घेत नाही, कारण पुढं जे लिहिणार आहे ते काही कौतुकाचं नाही. आमचा भाग मराठवाडा, खरिपात सोयाबीन नि रब्बीत हरभरा हेच चक्र, त्यामुळं तूर-भुईमुगावर हे कसं चालतं ते इथं लिहीत नाहीये.

आधी आत काय असतं ते बघू, कारण बऱ्याच जणांना वाटतं की ही काळी पावडर म्हणजेच खत. तसं नाही. पावडर म्हणजे लिग्नाइट नाहीतर कोळशाची बारीक भुकटी, ती फक्त जिवाणूंना राहायला. खरा माल म्हणजे त्यातले जिवंत जिवाणू, डोळ्याला न दिसणारे. जिवाणू खतं २००६ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली, आणि त्या नियमानं रायझोबियमच्या एका ग्रॅम पावडरीत कमीत कमी ५ कोटी जिवंत जिवाणू पाहिजेत, लिक्विडच्या एका मिलिलिटरमध्ये १० कोटी. हिशोब करून बघा, २५० ग्रॅमच्या पाकिटात साडेबाराशे कोटी होतात, दहा किलो सोयाबीनला एक पाकीट लावलं तर एकेका दाण्याच्या वाट्याला लाखाच्या वरच येतात. पण हे सगळं जिवंत असतील तर हो! मेलेले असतील तर तुम्ही बियाण्याला काजळ लावताय, दुसरं काही नाही.

आता हे जिवाणू करतात काय. हवेत ७८ टक्के नत्र आहे पण झाडाला ते घेता येत नाही. सोयाबीनचं मूळ जमिनीत काही द्रव्यं सोडतं, तिथं जवळपास आपला ओळखीचा जिवाणू असला की तो उलट खूण पाठवतो, मग मुळाचा केस वाकतो, त्यातून जिवाणू आत शिरतो आणि मूळ त्याच्याभोवती गाठ बांधतं. त्या गाठीत बसून तो हवेतल्या नत्राचा अमोनिया करतो नि झाडाला देतो. अगदी घरजावयासारखा, राहायला जागा नि खायला साखर झाडाची, पण कमाई सगळी त्याच घरात. हेच काम युरियाच्या कारखान्यात करायचं तर ४०० अंशाच्या वर तापमान नि प्रचंड दाब लागतो, गॅस जाळावा लागतो तो वेगळाच, आणि इथं तेच आपल्या काळ्या मातीत गपगुमान चालू असतं.

यातली मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे गाठीचा रंग. नत्र बांधणारं जे एन्झाइम आहे ते ऑक्सिजन लागला की खराब होतं, पण जिवाणूला जगायला तर ऑक्सिजन पाहिजेच, म्हणून झाड गाठीत लेगहिमोग्लोबिन नावाचं द्रव्य तयार करतं, ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच भावकीतलं. ते ऑक्सिजन धरून ठेवतं नि लागेल तेवढाच सोडतं. त्यामुळं चालू गाठ नखानं फोडली की आतून गुलाबी, कधी कधी चक्क लालसर दिसते. ही तपासणी फुकट आहे, कुठली लॅब नको नि रिपोर्ट नको, आणि पाकीट चाललं की नाही हे तीच सांगते.

पाकिटावर पिकाचं नाव का बघायचं तर प्रत्येक पिकाचा जिवाणू वेगळा असतो. सोयाबीनचा ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम, हरभऱ्याचा मेसोरायझोबियम, वाटाणा-मसूरचा आणखी तिसरा. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग यांचा एक गट आहे, त्यांचं एकमेकांत बऱ्यापैकी चालतं. पण सोयाबीनचं उरलेलं पाकीट हरभऱ्याला चोळलं तर काही होणार नाही. आणि कापूस, ऊस, ज्वारी, गहू यांना तर रायझोबियमच्या गाठी येतच नाहीत, त्यांना दुसरी जिवाणू खतं असतात, अझोटोबॅक्टर, अझोस्पिरिलम वगैरे.

इथंच बाटलीची गोष्ट सांगतो. डीएपी खत घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला डीएपी पाहिजे तर ही बाटली घ्यावी लागेल. लिंकिंग! खरिपाच्या तोंडावर सगळ्यांना माहीत असलेला प्रकार, त्यावर वेगळं लिहायला पाहिजे. बाटलीवर मोठ्या अक्षरात रायझोबियम, खाली लिहिलेलं "सर्व पिकांसाठी उपयुक्त", आणि चित्रं काय तर कापूस, ऊस, टोमॅटो, डाळिंब. उत्पादन तारखेवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं. जिवाणूचं शास्त्रीय नाव नाही, एका मिलिलिटरला किती ते नाही. बाटल्या ठेवलेल्या कुठं तर पत्र्याच्या शेडात, खतांच्या पोत्यांच्या थप्पीवर, मे महिन्यात, आमच्याकडं तेव्हा बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतं बाहेर, पत्र्याखाली तर विचारूच नका. दुकानदाराला म्हणालो, "भाऊ, हे जिवंत असतं, सावलीत तरी ठेवा की." तर म्हणतो, "काका, औषध आहे ते, त्याला काय होतंय." आता यावर काय बोलणार.

बाटली फोडली तर वास असा की बायको म्हणाली हे घरात ठेवायचं नाही. बाटली थोडी फुगलेली पण होती, म्हणजे आत दुसरंच काहीतरी वाढलेलं असणार. पैसे गेले होते म्हणून टाकून न देता बांधाकडच्या चार तासांतल्या (पेरणीच्या ओळींतल्या) बियाण्याला लावून बघितली.

विद्यापीठाच्या पाकिटाचं म्हणाल तर परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा खरीप मेळावा १८ मेच्या सुमारास असतो, वर्धापनदिनाला धरून, लोक बियाण्यासाठी पहाटेपासून रांगा लावतात आणि जिवाणू खताच्या काउंटरला मात्र निवांत. राहुरी, अकोला या विद्यापीठांत पण मिळतं, पुण्याच्या कृषी महाविद्यालयात पण मिळतं. किंमत म्हणाल तर एकरभराच्या बियाण्याला जेवढं लागतं तेवढ्यात तणनाशकाची बाटली सोडा, तिचं झाकण पण येणार नाही. पाकिटावर पिकाचं नाव, उत्पादनाची तारीख, वापरायची शेवटची तारीख, वापरायची पद्धत, सगळं स्वच्छ मराठीत. पॅकिंग साधं, दिसायला काही खास नाही, पिशवीचा कोपरा दाबला तर काळी पावडर बाहेर येते, गाडीच्या डिकीत ठेवाल तर बाकी सामान काळं होईल. आणि डिकीत ठेवूच नका, उन्हात तापते ती. मी कापडी पिशवीत ओलं फडकं गुंडाळून आणलं आणि घरात माठाशेजारी ठेवलं. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात चालतं, फ्रीजरमध्ये नको.

लावायची पद्धत. एकराला तीस किलो बियाणं धरलं तर तीन पाकिटं. गूळ पाण्यात विरघळवून, पाणी कोमट केलं असेल तर पूर्ण थंड होऊ देऊन, त्यात पावडर कालवायची, लापशीसारखं दाट ठेवायचं. आणि हे सोयाबीनवाल्यांनी नीट वाचा, सोयाबीनचं साल लई नाजूक असतं, पाणी जास्त झालं किंवा जोरात चोळलं की साल सुटतं नि तो दाणा उगवत नाही. ताडपत्रीवर बियाणं पसरून वरून शिंपडत दोघांनी दोन बाजूंनी ताडपत्री उचलून खालीवर करायचं, हातानं रगडायचं नाही. ड्रम असेल तर आणखी चांगलं पण हळू फिरवा. मग सावलीत पोत्यावर पसरून वाळवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. ओलं बियाणं पेरणी यंत्रात घातलं तर चिकटतं नि मधेच तास रिकामं जातं, ड्रायव्हरच्या शिव्या खाव्या लागतात ते वेगळंच.

बुरशीनाशक लावायचं असेल तर क्रम पक्का लक्षात ठेवा, आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू. कृषी सहायक याला एफआयआर म्हणतात, फंगीसाइड, इन्सेक्टिसाइड, रायझोबियम, पोलिसातली नव्हे. सगळं एकत्र कालवलं की औषधानं जिवाणूच मरतात, तांबं असलेलं बुरशीनाशक तर अजिबात नको. कंपनीचं रंगीत ट्रीटमेंट केलेलं बियाणं असेल तर त्यावर पेरणीच्या आधी फक्त जिवाणू लावा. पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारं पाकीट असेल तर ते याच्यासोबतच लावता येतं. आणि जिवाणू लावलेलं बियाणं खतात मिसळून एकाच चाड्यातून (पेरताना बी-खत सोडायच्या भांड्यातून) सोडू नका, खताचं चाडं वेगळं पाहिजे.

आता निकाल. माझ्याकडं दोन रानं आहेत, एकात कैक वर्षं सोयाबीन आहे आणि दुसरं उसाचं होतं, खोडवे संपले म्हणून मोडलं, तिथं सोयाबीन कधीच झालेलं नव्हतं. दोन्हीकडं पाकीट लावलं आणि दोन्हीकडं एक पट्टा मुद्दाम कोरडा सोडला, त्याला काहीच लावलं नाही. तुम्ही पण असा पट्टा सोडाच, नाहीतर पाकिटानं झालं का पावसानं झालं हे कधीच कळत नाही नि मग सगळे आपापल्या अंदाजानं बोलत बसतात.

जुन्या सोयाबीनच्या रानात फरक शोधावा लागला. महिनाभरानं झाडं काढून बघितली तर दोन्हीकडं गाठी होत्या, लावलेल्याला मुख्य मुळाला वरच जास्त नि जरा मोठ्या, न लावलेल्याला बाजूच्या मुळांना विखुरलेल्या. रंग दोन्हीत गुलाबी. कारण सरळ आहे, सोयाबीन मुळात चीनकडचं पीक, त्याचा जिवाणू आपल्या मातीत पहिल्यापासून पुरेसा नव्हता, पण एकदा आला की पीक घेत राहाल तसा तो जमिनीत टिकून राहतो. मग तुम्ही पाकिटातून आणखी टाकता तेव्हा आधीच बसलेल्या गावकऱ्यांशी त्याला जागेसाठी भांडावं लागतं. शेवटी उताऱ्यात (एकरी उत्पन्नात) पण काही सांगण्यासारखा फरक नव्हता.

उसाच्या रानात मात्र गोष्टच वेगळी. न लावलेला पट्टा फुलोऱ्याच्या आधीच लांबून फिकट दिसत होता, बांधावरून जाणारा विचारायचा इथं खत कमी पडलं का. झाड खणून बघितलं तर मुळं स्वच्छ पांढरी, गाठी अगदी तुरळक, काही झाडांना नाहीच. लावलेल्या भागात मुख्य मुळाला वाटाण्याएवढ्या गाठींचा झुपका, फोडली की गुलाबी. मळणीत न लावलेल्या पट्ट्याचा माल वेगळा काढला होता, दाणा बारीक नि उतारा कमी, पोत्यातच दिसत होतं. आणि बाटलीवाल्या चार तासांचं काय? कोरड्या पट्ट्यात नि त्यात काहीही फरक नाही. ती तासं पण याच उसाच्या रानातली होती, म्हणजे बाटलीला पूर्ण संधी मिळाली होती. लिक्विड वाईट असतं असं माझं म्हणणं नाही, उलट चांगलं बनवलेलं लिक्विड पावडरीपेक्षा जास्त दिवस टिकतं, लावायला सोपं, हात काळे होत नाहीत, विद्यापीठांचं पण लिक्विड मिळतं. पण ती बाटली मेलेली होती.

गाठी बघताना झाड उपटू नका, उपटलं की गाठी मातीतच राहतात नि तुम्ही म्हणणार आलंच नाही काही. खुरप्यानं नाहीतर कुदळीनं मातीच्या ढेकळासकट काढा, बादलीत पाण्यात भिजू द्या, माती आपोआप सुटते. गाठ बाजूला चिकटलेली असते, बोटानं टचकन निघते. मुळाचाच भाग फुगल्यासारखा असेल नि निघत नसेल तर ती सूत्रकृमीची (मुळात शिरणाऱ्या बारीक किड्याची) गाठ, ते दुखणं वेगळं. आतून गुलाबी म्हणजे काम चालू, पांढरी म्हणजे अजून सुरू नाही किंवा जिवाणू कामाचा नाही, हिरवट-तपकिरी म्हणजे काम संपलं. शेंगा भरून झाल्यावर सगळ्याच तपकिरी होतात, तेव्हा बघून नाराज होऊ नका.

एक गोष्ट मात्र पाकिटवाले कुणीच मोठ्या अक्षरात लिहीत नाहीत, ती म्हणजे गाठी कामाला लागेपर्यंत वेळ जातो. तीन-चार आठवडे. दाण्यातली शिदोरी संपलेली असते नि गाठी अजून चालू झालेल्या नसतात, त्या मधल्या दिवसांत सोयाबीन जरा फिकट पडतं, आणि नेमका तेव्हाच शेजारी युरियाचं पोतं घेऊन उभा असतो. आपल्याला पण हात आवरत नाही. पण जमिनीत आयता नत्र मिळाला की झाड गाठी बांधायचं टाळतं, आहेत त्यांना पण साखर देणं कमी करतं, फुकट मिळतंय तर कशाला पोसा. पेरणीच्या वेळी जी थोडी नत्राची मात्रा सांगतात तेवढी पुरे. त्यात आमच्याकडच्या चुनखडीच्या रानात पिवळेपणा बऱ्याचदा लोहाचा असतो, कोवळी पानं पिवळी नि शिरा हिरव्या, त्याला युरिया टाकून काय होणार, फेरस सल्फेटची फवारणी लागते. पाणी साचलं तरी पिवळं पडतं, कारण गाठींना पण हवा लागते, तिथं आधी चर काढा.

पैशाचा हिशोब मला असा पटला. सोयाबीनच्या दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, म्हणजे एका क्विंटलमध्ये सहा किलोच्या वर नत्र. एकरी दहा क्विंटल झालं तर दाण्यातूनच साठेक किलो नत्र घराबाहेर गेलं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असतं साधारण २१ किलो, म्हणजे तीन गोण्या, तेही टाकलेला कण न् कण पिकाला लागला तर. तेवढा युरिया सोयाबीनला कुणीच टाकत नाही, तरी पीक येतं, कारण निम्म्याच्या आसपास नत्र या गाठींतूनच येतं नि बाकी जमिनीतून. यावरून आणखी एक, "सोयाबीननं जमिनीत नत्र राहतं" हे जे पारावर ठोकून सांगतात ते अर्धवट आहे, मोठा वाटा दाण्याबरोबर अडतीला जातो, रानात राहतो तो पाला नि मुळं. भुसा पण काढून नेलात नाहीतर पेटवलात तर उरलं काय.

हे काही नवं खूळ पण नाही. गाठीतला जिवाणू हॉलंडमध्ये बायरिंक नावाच्या शास्त्रज्ञानं १८८८ ला वेगळा काढला आणि १८९६ मध्ये जर्मनीत नोबे आणि हिल्टनर यांनी पेटंट घेऊन माल विकायला पण आणला. ब्राझील एवढं सोयाबीन पिकवतं नि त्याला नत्र खत जवळजवळ देतच नाही, सगळं जिवाणूंवर, त्या कामासाठी तिथल्या मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ चं वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. आपल्याकडं मात्र हे पाकीट म्हणजे डीएपीबरोबर गळ्यात मारायची वस्तू, काय बोलायचं.

मार्क द्यायचे तर विद्यापीठाच्या पाकिटाला ५ पैकी ४. एक मार्क कापला तो मिळण्याच्या भानगडीसाठी, मृगाच्या तोंडावर विचारायला गेलं की संपलेलं असतं, आणि लहान शेतकऱ्यानं तीन पाकिटांसाठी एसटीनं परभणीला जायचं म्हणजे पाकिटापेक्षा तिकीट महाग. तालुक्याला ठेवलं आणि सावलीत ठेवलं तर पाचपैकी पाच देईन. बाटलीला शून्य, लेबलवरच्या डाळिंबाच्या चित्राला पाहिजे तर अर्धा.

हरभऱ्याचं वेगळं पाकीट येतं, सोयाबीनचं पुरवून ठेवू नका. ज्या रानात हरभरा नव्यानं करणार तिथं जरूर लावा, पद्धत तीच, हरभऱ्याचं साल घट्ट असल्यामुळं चोळायला भीती नाही. दसऱ्याच्या आसपास चौकशी केली तर ताजा माल मिळतो, आणि काउंटरवर पैसे द्यायच्या आधी पाकीट उलटं करून तारीख वाचा.